किनाऱ्यावरची रेषा आणि नगरपालिकेचा शिक्का



११ जानेवारी २०२०, शनिवार. केरळमध्ये कोची शहराला लागून असलेल्या मरडू या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीत सकाळी भोंगे वाजू लागले. दोनशे मीटर परिघातील रहिवाशांना आधीच घराबाहेर काढण्यात आले होते. रस्त्यांवरची आणि बॅकवॉटरमधील वाहतूक थांबवली होती. अकरा वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि 'एचटूओ होली फेथ' ही एकोणीस मजली इमारत काही सेकंदांत आपल्याच पायापाशी कोसळली. पाठोपाठ 'अल्फा सेरीन'चे दोन मनोरे गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, 'जैन कोरल कोव्ह' आणि 'गोल्डन कायलोरम' या इमारतींचीही तीच गत झाली. चार प्रकल्प, पाच इमारती आणि साडेतीनशेच्या आसपास सदनिका. दूरचित्रवाहिन्यांनी हा सारा प्रकार देशभर थेट दाखवला. दूर उभ्या असलेल्या गर्दीने जल्लोषही केला. घर पडताना पाहून जल्लोष करण्याची ही कोणती वृत्ती, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे.

आजचा विषय असा की, या इमारतींचा अपराध काय होता? त्या मोडकळीस आल्या नव्हत्या. बांधकाम भक्कम होते. इतके, की ते पाडण्यासाठी खास तज्ज्ञ कंपन्या बोलवाव्या लागल्या आणि त्यांत मुंबईची एक कंपनी होती. तेथे राहणारी माणसे झोपडीदादा नव्हती, अतिक्रमण करून बसलेली नव्हती. त्यांनी रीतसर खरेदीखत केले होते, मुद्रांक शुल्क भरले होते, बँकांनी त्यांना कर्ज दिले होते, स्थानिक संस्थेने घरपट्टी घेतली होती. आयुष्याची पुंजी तेथे घातलेली निवृत्त मंडळी त्यांत होती. अपराध एवढाच होता की, इमारती पाण्याच्या फार जवळ उभ्या होत्या. आणि हा अपराध त्यांत राहणाऱ्यांचा नव्हता. तो २००६ साली एका पंचायत कार्यालयात, एका टेबलावर, शिक्का उमटवताना घडला होता.

ही गोष्ट मरडूची असली तरी ज्या कायद्याखाली ती घडली, तो पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक किनारी गावाला लागू आहे. त्यामुळे ती नीट समजून घेणे आवश्यक आहे.

समुद्रकिनाऱ्यावर बांधकामास मर्यादा असावी, हा विचार केंद्र सरकारच्या पातळीवर प्रथम १९८१ मध्ये मांडला गेला. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरती रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नसते. त्यामुळे जे व्हायचे तेच झाले. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. 'सीआरझेड' या तीन-चार अक्षरांनी कोकणातील प्रत्येक घराला ती ठाऊक झाली आहे. या अधिसूचनेने किनाऱ्याचे वर्ग पाडले. जो भाग नगरपालिका हद्दीत असून पाण्यापर्यंत आधीच बांधला गेला आहे, तो दुसऱ्या वर्गात. तेथे अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूस परवानगी मिळू शकते. जो भाग अद्याप मोकळा, ग्रामीण आहे तो तिसऱ्या वर्गात. तेथे समुद्राच्या भरती रेषेपासून दोनशे मीटर 'ना विकास क्षेत्र', आणि त्यापलीकडे पाचशे मीटरपर्यंत मर्यादित बांधकाम, तेही तळमजला अधिक एक मजला आणि नऊ मीटरच्या आत. खाडी, नदीमुख, बॅकवॉटर यांच्या काठी शंभर मीटर किंवा त्या पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते अंतर.

या अंतराला कात्री लावण्याचा पहिला प्रयत्न १९९४ मध्ये झाला. खाडीकाठचे शंभर मीटर पन्नासवर आणण्याची दुरुस्ती केंद्राने केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती रद्द ठरवली. म्हणजे मरडूच्या पंचायतीने परवाने दिले, त्याच्या दहा वर्षे आधीच देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने या अंतराचे महत्त्व स्पष्ट केले होते.

आता मरडूची फाईल पाहू. २००६ मध्ये मरडू ही ग्रामपंचायत होती. वेंबनाड सरोवराच्या बॅकवॉटरने वेढलेले गाव, जवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, कोचीचा वाढता व्याप. जमिनीला सोन्याचा भाव आला नसता तरच नवल. पंचायतीने बांधकाम व्यावसायिकांना परवाने दिले. नियमानुसार हे प्रस्ताव आधी राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावयास हवे होते. ते तेथे गेलेच नाहीत. तेव्हाच्या मंजूर आराखड्यानुसार हा भाग तिसऱ्या वर्गात, म्हणजे पाण्यालगत बांधकामास बंदी असलेल्या पट्ट्यात मोडत होता.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. चूक लक्षात यायला तेरा वर्षे लागली, असे नाही. ती वर्षभरातच लक्षात आली. २००७ मध्ये राज्य शासनाच्या तपासणीत दोष आढळले आणि परवाने मागे घेण्यास पंचायतीला सांगण्यात आले. पंचायतीने कारणे दाखवा नोटिसाही काढल्या. त्या वेळी तेथे एकही कुटुंब राहावयास आलेले नव्हते. जे काही होते ते पाया, सळ्या आणि सिमेंट. परंतु बांधकाम व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, अंतरिम आदेश मिळाले आणि त्या आदेशांच्या सावलीत मजल्यावर मजले चढत गेले. २०१२ मध्ये एका न्यायमूर्तींनी व्यावसायिकांच्या बाजूने निकाल दिला, २०१५ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. दोष पंचायतीचा असताना परवानाधारकाला शिक्षा का, असा एकूण सूर होता. दरम्यान २०१० मध्ये मरडूची नगरपालिका झाली, सदनिका विकल्या गेल्या, पाळणे हलले, मुले शाळेत जाऊ लागली.

राज्याचे किनारा प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन सदस्यांची समिती नेमून परवाना देतेवेळी ही जागा कोणत्या वर्गात होती, एवढाच मुद्दा तपासून घेतला. उत्तर आले, तिसऱ्या. ८ मे २०१९ रोजी इमारती पाडण्याचा आदेश झाला. रहिवाशांच्या फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या. सप्टेंबरअखेर वीज आणि पाणी तोडण्यात आले. प्रत्येक सदनिकाधारकास २५ लाख रुपये अंतरिम भरपाई राज्य शासनाने द्यावी, ती पुढे जबाबदारांकडून वसूल व्हावी आणि १३८ दिवसांत पाडकाम पूर्ण व्हावे, असे न्यायालयाने ठरवून दिले. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन पंचायत सचिव, कार्यालयातील एक कर्मचारी आणि एक बांधकाम व्यावसायिक यांना अटक झाली. ऑक्टोबरच्या प्रारंभी लोक फर्निचर, देव्हारे आणि मुलांची दप्तरे घेऊन खाली उतरले होते. आपले घर कायदेशीर आहे, असे त्यांना अनेक कार्यालयांनी अनेक कागदांवर सांगितले होते.

या प्रकरणातील सर्वांत बोचरा भाग अजून सांगावयाचा आहे. २०११ च्या सुधारित अधिसूचनेनुसार केरळचा नवा किनारा आराखडा तयार झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजूर झाला. त्यात मरडूचा हाच भाग दुसऱ्या वर्गात गेला होता, कारण तोपर्यंत तो नगरपालिका हद्दीतील, दाट बांधलेला भाग झाला होता. मग रहिवाशांचा युक्तिवाद साहजिक होता. आज या वर्गात बांधकाम होऊ शकत असेल, तर कालची इमारत पाडायची कशाला? माणूस म्हणून हा युक्तिवाद ऐकताना कोणाचेही मन हेलावेल. परंतु क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. तो भाग दाट बांधलेला कशामुळे ठरला? तेथे बांधकामे झाली म्हणून. म्हणजे आधी नियम मोडून बांधायचे, बांधल्यामुळे वर्ग बदलायचा आणि वर्ग बदलल्यामुळे आधीचे बांधकाम नियमित मागायचे. हे मान्य केले असते तर देशातील कोणत्याही किनाऱ्यावरची कोणतीही रेषा टिकली नसती. न्यायालयाने परवान्याच्या दिवसाचा कायदा पाहिला. निकाल कठोर होता आणि बरोबर होता. त्याची झळ मात्र चुकीच्या माणसांना बसली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि त्यांपैकी एकच बोलून दाखवणारे अर्धेच सांगत असतात.

अशी पाडापाडी आपल्याकडेही झालेली आहे. मरडूच्या निकालाच्या दोनच महिने आधी, ८ मार्च २०१९ रोजी, अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरील नीरव मोदीचा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. तो पाडताना कोणाला हळहळ वाटली नाही, कारण मालक बँका बुडवून परदेशी पळालेला. पण किनाऱ्याची रेषा मालकाचे चारित्र्य पाहून हलत नाही. सज्जन निवृत्त शिक्षकाचे घर आणि फरारी हिरेव्यापाऱ्याचा बंगला, दोघांनाही मीटर तेच.

मीटर हा परदेशी माप झाला; अंतर राखण्याचा विचार मात्र आपल्याला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, न्यायव्यवहाराचा ऊहापोह करणाऱ्या तिसऱ्या अधिकरणात, घरबांधणीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. दोन घरांमध्ये तीन किंवा चार पदांचे अंतर असावे, छपरे एकमेकांशी कशी असावीत, पावसाचे व सांडपाणी शेजाऱ्याला उपद्रव न देता कसे काढावे आणि हे न पाळणाऱ्यास कोणता दंड, अशा बारीकसारीक बाबी त्यात सांगितल्या आहेत. आजच्या नगररचनेच्या भाषेत ज्याला 'सामासिक अंतर' म्हणतात, ते हेच. कागदाला समास असतो, तो रिकामा दिसतो म्हणून वाया गेला असे कोणी म्हणत नाही. घराभोवतीची मोकळी जागा हा त्या घराचा समास आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसारख्या गावात शेजाऱ्याची पागोळी आपल्या भिंतीवर पडू लागली की दोन-तीन पावसाळ्यांत चिरा ओला, भिंतीला शेवाळ आणि नात्याला बुरशी. अर्ध्या हाताच्या जागेपायी दोन पिढ्या दिवाणी न्यायालयात गेलेली घरे कोकणात शोधावी लागत नाहीत.

आणि समुद्रापासूनच्या अंतराचे म्हणाल, तर गुहागरला जाऊन पाहावे. गावातील मुख्य रस्त्याला लागून घरे, घरामागे विहीर, मग नारळी-पोफळीचे आगर, चिंचोळे आणि लांबच लांब, त्यापुढे केवड्याची, अलीकडे सुरूची रांग, आणि मग पुळण. घर समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे. ज्यांनी ही रचना केली त्यांनी कोणतीही अधिसूचना वाचली नव्हती. समुद्राच्या देखाव्याचे त्यांना अप्रूप नव्हते. समुद्राचा स्वभाव ठाऊक होता. खारा वारा आधी झाडांनी झेलावा, उधाणाचे पाणी वाळूत जिरावे, विहिरीचे पाणी गोडे राहावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. एका पोफळीला उत्पन्न देण्यासाठी किती वर्षे जपावे लागते, हे बागायतदारालाच विचारावे. त्या बागा जेथे होत्या तेथे काचेच्या खिडक्यांची विश्रामगृहे असती तर काय चित्र दिसले असते, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही.

आज मात्र उलटे चालले आहे. पर्यटकाला खोलीतून लाट दिसली पाहिजे, म्हणून आगराच्या टोकाशी, केवडा तोडून, खोल्या उभ्या राहतात. आगरातून भाताच्या कित्येक पट पैसा एका मोसमात मिळतो, हे खरे आहे आणि ज्या घरातील मुलगा मुंबईला चाकरीला न जाता गावातच चार पैसे मिळवू इच्छितो, त्याला केवळ 'नाही' म्हणून हात झटकणे हा अन्याय आहे. प्रश्न व्यवसायाचा नाही. घर रस्त्याच्या बाजूला ठेवूनही पाहुण्याला माशाचे जेवण, सोलकढी आणि आगरातून पुळणीवर जाणारी पायवाट देता येते. अनेक कुटुंबे ती देतही आहेत. प्रश्न त्या शेवटच्या पन्नास पावलांचा आहे.

तसे पाहता नियम आता बरेच सैल झाले आहेत. १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती आहे, अशा दाट गावांत ना विकास क्षेत्र दोनशेवरून पन्नास मीटरवर आणले. इतरत्र दोनशे मीटर कायम ठेवले. खाडीकाठी पन्नास मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी कमी ते. म्हणजे १९९६ मध्ये न्यायालयाने जे पन्नास मीटर नाकारले होते, ते तेवीस वर्षांनी वेगळ्या वाटेने परत आले. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळी, गाबीत, भंडारी कुटुंबांना आपल्या वाढत्या संसारासाठी एक खोली बांधणे अशक्य झाले होते. त्यांच्या दृष्टीने ही सवलत आवश्यकच होती. ज्यांच्या होड्या पुळणीवर ओढल्या जातात त्यांनी पाण्यापासून दूर राहावे, असे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याने शेतापासून दूर राहावे असे म्हणण्यासारखे आहे. दुर्दैव असे की, आजवर नोटीस आधी त्यांच्याच पडवीवर चिकटली आणि मोठ्या विश्रामगृहाचे प्रकरण सुनावणीतच राहिले.

याच अधिसूचनेत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी किनारा नियमांखालील स्वतंत्र मंजुरीची गरज उरली नाही. स्थानिक संस्थेनेच नियम पडताळून परवानगी द्यावयाची आहे. सामान्य माणसाच्या मुंबईच्या खेपा वाचल्या, हे स्वागतार्ह. परंतु मरडूत जो सांधा निखळला तो नेमका हाच होता, हेही विसरता येत नाही. कोकणातील कित्येक नगरपंचायती काल-परवापर्यंत ग्रामपंचायती होत्या. पूर्णवेळ नगररचनाकार प्रत्येक ठिकाणी कोठून आणणार? भरती रेषा जमिनीवर कोठे येते, हे सांगणारा नकाशा वाचण्याचे शिक्षण किती जणांचे झालेले असते? आणि तीनशे चौरस मीटरचे 'राहते घर' पुढच्या दिवाळीत सहा खोल्यांचे 'होम स्टे' होणार नाही, हे कोण पाहणार?

लहान गावातील निर्णयाची खरी अडचण कायद्यात नसते, नात्यात असते. महानगरात अर्जदार हा अर्जदार असतो. येथे तो मुख्याधिकाऱ्याच्या घरमालकाचा भाचा, नगरसेवकाचा वर्गमित्र, देवस्थानच्या समितीतील सहकारी असतो. "एका फुटाने काय बिघडते?" हा प्रश्न कोणी लाच घेऊन विचारत नाही, चहाच्या कपावर, अत्यंत आपुलकीने विचारला जातो. समोरच्यालाही नाही म्हणवत नाही. आणि मग गडग्यापलीकडचा शेजारी पुढच्या वर्षी तोच एक फूट मागतो, त्याला कोणत्या तोंडाने नाकारायचे? परवाना एका भूखंडाला दिलेला असतो. त्याचा दाखला मात्र सगळी आळी देते. समाजकार्य करणाऱ्या माणसाची परीक्षा येथेच होते. परक्याच्या अनधिकृत बांधकामाविरुद्ध मोर्चा नेणे सोपे. आपल्याच शाखेतील, आपल्याच मंडळातील, आपल्याच ज्ञातीतील माणसाला "हे अंतर सोडावेच लागेल" असे त्याच्या ओटीवर बसून सांगणे अवघड. पण त्या दिवशी त्याचा पायाच घातलेला असतो. मरडूतही २००७ साली पायाच घातलेला होता.

म्हणून कार्यकर्त्याने आणि त्याच्या घरातील कर्त्या माणसाने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. गावाचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. पुढे आराखड्यात किरकोळ फेरबदल करावयाचा तरी कलम ३७ खाली जाहीर सूचना द्यावी लागते. ती वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत असते आणि भजीच्या कागदातून घरी येते तेव्हा मुदत संपलेली असते. सामासिक अंतरे किती, हे डिसेंबर २०२० पासून राज्यभर, मुंबईसारखे काही अपवाद वगळता, लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत दिलेले आहे. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांप्रमाणे ते बदलते. गावात दोन-तीन माणसांना तरी ती वाचता आली पाहिजे. किनाऱ्याचा आराखडा वेगळा; त्याच्या प्रारूपावर जनसुनावणी होते आणि तिला कोण उपस्थित राहते, हे एकदा जाऊन पाहावे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली म्हणून किनाऱ्याचा वर्ग आपोआप बदलत नाही, त्याला केंद्राची मंजुरी लागते. ही एवढी माहिती जरी असली तरी जमिनीच्या दलालाच्या अर्ध्या बोलण्यातील हवा निघून जाते.

सदनिका घेणाऱ्यांसाठी एकच. इमारतीतून पाणी दिसत असेल, तर नमुना सदनिकेच्या फरश्या पाहण्याआधी गटक्रमांक विचारावा, तो किनारा आराखड्यात कोणत्या वर्गात आहे हे पाहावे आणि किनारा प्राधिकरणाच्या मान्यतेचे पत्र मागावे. बँकेने कर्ज दिले म्हणजे सारे ठीक, असे मरडूतील लोकांनाही वाटले होते. पत्र दाखवण्यास टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि तीस दिवसांत उत्तर. अर्ज मराठीत चालतो.